लॉकर नंबर एकशे चौदा

टाइप केलेली नोटीस आली: तीस दिवसांत लॉकर रिकामा करावा.
खाली सेक्रेटरींची सही.
कर्नल टिपणीस गेले, घरून कुणी फिरकलं नाही.
एकतिसाव्या दिवशी मीच उघडला.

येरवड्यातल्या या कंपाउंडात तीस वर्षं
मी सभासदांच्या बुटांखालचं गवत ब्रशने काढतोय,
कारण खिळ्यांचे बूट डायनिंग हॉलमध्ये चालत नाहीत.
बिनकॉलरचा शर्ट चालत नाही. टॉवेल माणशी एक.
पाहुणा आणला तर वहीत नाव.
मला सगळं पाठ आहे.
ज्यांच्यासाठी लिहिलंय ते टॉवेल गाडीत घालून नेतात.

टिपणीस साहेब बंकरमधून निघताना
वाळूवर दाताळं स्वतः फिरवायचे,
कॅडीला हात लावू द्यायचे नाहीत.
पावलं माझी, म्हणायचे, पुसायची मीच.

लॉकरात निघालं:
घामाने कडक झालेली टोपी, आयोडेक्स, एकच मोजा,
आणि भिजून वाळलेलं एक स्कोअरकार्ड.
सातव्या होलवर पाच खोडून सहा.
शेजारी बारीक अक्षरात,
चेंडू हलला. कुणी पाहिलं नाही.

मोजा फेकला. टोपी माळ्याने मागून घेतली.
कार्डाचं काय करायचं ते नियमांत कुठे नाही.

सोमवारी कोर्स बंद असतो, तेव्हा आम्ही खेळतो,
साहेबलोकांनी टाकून दिलेल्या स्टिकांनी,
हरणाराचा वडापाव.
परवा सातव्यावर माझाही चेंडू हलला,
केसभर.
यल्लप्पा लांब, झाडाआड, पाठमोरा.

मी बराच वेळ
खालीच बघत राहिलो.