तिसरी साखळी

उद्यमनगरात, दुपारी साडेतीनला,
उसाच्या चरकाची बैठक चार बोटं हवेत उचलली
आणि बाबालाल मुजावरांनी हात वर केला.
थांबा.

सहाशे किलो. खडूनं तिच्याच पोटावर लिहिलेलं.
मधला गर्डर गंजलेला, म्हणून ओझं दोघींवर:
एक साखळी जवळच्या हूकला, बरीचशी उभी,
दुसरी पार भिंतीकडं गेलेली, तिरकी,
बघणाऱ्याला वाटावं, सगळा भार हिचाच.

बाबालालनी दोघींवर पान्याची एकेक टिचकी मारली,
कान दिला,
मडकं विकत घेताना देतात तसा.
"तिरकीचं सोड. ही उभी दमलीया."

मी नवी. डिप्लोमाचा निकाल लागून बावीस दिवस.
"किती दमलीया?"
"ते तुझ्या वहीत आसंल की."

"थांबा, काढतो," मी म्हणाले.

ओळंबा सोडला.
भावाच्या कंपासपेटीतला कोनमापक,
शून्यापाशी दातानं चावलेला,
दोरीला लावून धरला.
उभी: तीस.
(दोरी हलत होती. मी तीसच धरले.)
तिरकी: साठ.

मग खाली बसून, मोल्डिंगच्या काळ्या वाळूत
बोटानं बाण काढले.
एक सरळ खाली, त्याची लांबी ठाऊक.
दोन वर जाणारे, त्यांची दिशा ठाऊक,
लांबी नाही.
कॉलेजात सदिश म्हणजे
डोक्यावर बाण घेतलेलं एक अक्षर होतं,
परिमाण आणि दिशा, दोन गुणांना, हमखास.
इथं त्याला ग्रीसचा वास होता
आणि त्याच्याखाली कुणाचा तरी पाय येऊ शकत होता.

आडवं आडव्यात फिटलं पाहिजे:
ही जेवढं डावीकडं ओढते तेवढंच ती उजवीकडं,
नाहीतर बैठक आत्ता झोके घेत असती.
उभं उभ्यात: दोघींनी मिळून सहाशे.
दोन अज्ञात, दोन समीकरणं.
तीसचा कोसाइन, साठचा कोसाइन,
मोबाईलच्या काचेवर माझ्या अंगठ्याचे काळे ठसे.

तिरकी: तीनशे.
उभी: पाचशे वीस.

"बेरीज आठशे वीस कशी?" हेल्पर आप्पासोनं विचारलं,
"ओझं तर सहाशेचंच."
मी म्हटलं, एकमेकींना ओढण्यातही काही जातं.
तो हसला नाही.
त्याच्या लग्नाला आठ महिने झाले होते.

उभीच्या कडीवर शिक्का होता. पुसट.
थुंकी लावून घासला तेव्हा दिसला:
पाचशे.

कुणी काही बोललं नाही.
बैठक पुन्हा वाळूत उतरली, सावकाश,
माझे तिन्ही बाण तिच्या पोटाखाली गेले.
आप्पासो जाडी साखळी आणायला पळाला.

चहा आला. बाबालालनी बशीत ओतला,
फुंकर मारली, आणि बशीवरनंच विचारलं,
"आन मधनं तिसरी लावली तर?
तिघींत वाटणी. प्रत्येकीला कमी. व्हय का न्हाई?"

मी वाळूत नव्या जागी नवे बाण काढले.
खाली एक. वर तीन.
आडवं लिहिलं. उभं लिहिलं.
पुढं लिहायला काही उरलं नाही.
समीकरणं दोन, अज्ञात तीन.
पुसलं. पुन्हा लिहिलं.
चहावर साय आली.

"कोनावरनं निघत नाही, चाचा.
कुठली किती ताणते ते बघावं लागेल,
कुठली नवी, कुठली वीस वर्षांची,
कुठली बोटभर ढिली राहिली.
ढिली राहिली तर ती नुसती लटकून राहील,
कामावर असल्यासारखी."

बाबालालनी बशी पुसली,
पान्याकडं बघितलं.
"म्हंजे टिचकी मारायची."

"व्हय," मी म्हणाले,
आणि पान्यासाठी हात पुढं केला.