बेवारस वस्तूंचं रजिस्टर

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत, केबिनच्या जिन्याखाली
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे.
लोक जे विसरतात ते त्यात:
छत्र्या मावत नाहीत म्हणून त्या बाहेर,
एक कवळी, जिला दोन वर्षं कुणी विचारलेलं नाही,
आणि पुस्तकं.

नियम असा, की सहा महिने ठेवायचं,
मग ग्रामपंचायतीत जमा करायचं.
मी दर सहा महिन्यांनी 'सापडल्याची तारीख'
नव्यानं लिहितो.
अठरा वर्षांच्या तिकीटमास्तरकीत
माझा एवढाच भ्रष्टाचार.

पैसा कसा वाढतो ते सांगणारं एक जाड पुस्तक,
चक्रवाढीच्या कोष्टकापाशी दुमडलेलं,
समासात पेन्सिलीनं: 'नेहाचं लग्न, अजून नऊ वर्षं',
खाली गुणाकार, त्याखाली खोडलेला गुणाकार.
पाण्यातल्या किल्ल्यांचा इतिहास:
मी एका फेरीत सात पानं वाचतो,
वेढा अडतीस पानांचा,
सहा फेऱ्या त्यांच्याबरोबर उपाशी होतो.
लाल फडक्यातली पोथी, कडांना हळदीची बोटं.
आणि दुआंची छोटी किताब. ती रऊफ सारंग सगळ्यांच्या वर ठेवायचा,
मग मी तिच्यावर पोथी, मग तो पुन्हा.
आता दोन्ही शेजारी असतात.
झाकण लागत नाही.
शेवटचं कुणा मुलाचं: आभाळात तरंगणारं बेट,
त्याची राणी फक्त मिठाला घाबरते.
एकशे बाराच्या पुढची पानं
खाऱ्या पाण्यानं चिकटलेली.

माघी अमावस्येला ओहोटी नको तितकी गेली
आणि खाडीच्या मधोमध बोट गाळात बसली.
दोन जीपगाड्या, एकवीस माणसं.
रऊफनं इंजिन बंद केलं. "दीड तास," म्हणाला,
पाण्याला विचारून आल्यासारखा.
धोपाव्याचा किनारा इतका जवळ
की तिथल्या कुत्र्याचं खाजवणं दिसत होतं.
लोक माझ्यावर चिडायला लागले, तेव्हा मी डबा काढला.

हाताला येईल ते दिलं.
बँकेच्या साहेबाला पोथी. त्यानं आधी बूट काढले.
गुहागरच्या भटजींना तरंगतं बेट:
सवयीनं ओठ हलवत वाचायला लागले.
शाळेतल्या दोन पोरी किल्ल्यात शिरल्या
आणि फितूर कोण, यावर चिंचांची पैज लागली.
दुआंची किताब रऊफ वर घेऊन गेला.
चक्रवाढ आली द्रौपदी वासावेकडे,
जिला वाचता येत नाही.
तिनं रिकामी टोपली उपडी केली,
कॉलेजातल्या एका पोराला तीवर बसवलं:
"वाच. मोठ्यानं."
तो वाचत गेला, शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे,
आणि ती पापलेटाचे कल्ले बघावेत तसं
एकेक वाक्य उघडून बघत होती.
नेहाच्या लग्नापाशी तिनं हात वर केला.
"थांब. ह्यात बरफाचा खर्च कुठं हाय?"

पोरगा मागची पानं चाळत बसला,
पुढचीही.

पाणी चढलं. बोट कुशीवर वळली, मग उठली.
पुस्तकं मोजून परत घेतली.
भटजी सगळ्यांच्या मागे उतरले, माझ्या कानाशी आले:
"राणीचं पुढं काय होतं?"
पानं चिकटलीयेत, म्हटलं.
"वाफेवर धरा. पोथ्या आम्ही तशाच सोडवतो."

डबा आवरताना दिसलं:
खोडलेल्या गुणाकाराखाली आता निळ्या पेनानं
'बर्फ, रोजचे चाळीस',
आणि नव्यानं मांडलेला हिशेब,
जो नऊ वर्षांत बसत नाही.

रात्री चुलीवर पेज उकळत होती.
बेट तिच्यावर उलटं धरलं.
एकशे तेरावं पान सुटलं,
चौदावं अर्धं.
मग पेज निवली.