मागच्या चाकाची टोपी

पाच वाजून चाळीस. येळ्ळूरचा माळ.
ट्रेलरवरून ती उतरली
तेव्हा टायरला माती लागू नये म्हणून
हंगिरगेकर शेठनी लग्नातली सतरंजी अंथरली.
म्हटलं, शेठ, उचला ती.
तांबड्या मातीशिवाय हा निळा
नुसता कॅलेंडरवरचा दिसेल.

एकोणसत्तरची मस्टँग. स्टिअरिंग डावीकडं.
म्हापशाच्या एका शेडमध्ये अठरा वर्षं
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.
आता विम्याच्या कागदावर एवढी शून्यं
की आकडा सांगताना शेठ
आधी इकडंतिकडं बघतात.

माझं काम सोपं: गाडी दिसू दे, दुसरं काही नको.
पण रंगाचे चौदा हात, वर पॉलिश;
दार म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर.
तिच्यात राजहंसगड, विजेचा खांब,
बिडी पेटवणारा ट्रेलरवाला,
आणि तिपायीमागं वाकलेली, एका डोळ्याची
मी.
पंचवीस वर्षं मांडवात दुसऱ्यांचे चेहरे उजळले.
स्वतःला असं अवचित भेटायची सवय नाही.
काळी ओढणी डोक्यावरून घेतली.
जरा पुसट झाले.

"सरका मागं सगळे!"
सगळे सरकले, अण्णाप्पा बडिगेर सोडून.
उद्यमबागेतल्या शेडात सहा वर्षं
यानंच हिचे पत्रे ठोकले.
मॅनिफोल्ड जगात कुठं मिळेना,
तर लाकडाचा साचा स्वतः कोरून
फाउंड्रीत ओतून आणला.
"अर्धी तिकडची, अर्धी आमची की वो."
दवाचा एक थेंब टिपायला तो वाकलेला.
"मामा, ऊन येऊलालंय!"
तो त्या थेंबालाच कन्नडमध्ये काहीतरी बोलला.

तेव्हा दिसलं.
माळावरचा खांब सरळ,
दारातला खांब मात्र एका जागी
किंचित मोडलेला.
तळहाताएवढी लाट पत्र्यात.
शेठ चहा ओतत होते.
बडिगेरनं माझ्याकडं बघितलं,
मग जमिनीकडं.

मी भिंगावरचा फिल्टर पाव फेरा फिरवला.
गड विझला, खांब विझला, मी विझले.
लाटही.
नुसता निळा राहिला, खोल, विनातक्रार.

नऊ मिनिटांत बासष्ट फोटो.
मग सूर्य वर आला, रंग सपाट झाला,
दोन म्हशी येऊन बॉनेट हुंगायला लागल्या
आणि शेठ सतरंजी झटकत धावले.

रात्री शहापुरात, दुकानाचं शटर अर्धं ओढून
स्क्रीनवर एकेक डाग उडवत बसले.
दगडावरचं प्लॅस्टिक. टायरजवळची काडी.
मागच्या चाकापाशी थांबले.
क्रोमवर फिल्टर चालत नाही, हे विसरलेच होते.
टोपीच्या फुगीर चकाकीत
मोहरीएवढा एक माणूस,
हातात फडकं,
निघावं की थांबावं अशा बेतात.

शेठचा फोन. "साफ झाला का फोटो?
माणूसबिणूस कोण नाही ना त्यात?"

मी मोठा करून बघितला.
मोहरीचा वाटाणा झाला.
टोपी तिरकी होती त्याची.

कोण नाही, म्हटलं.
पाच फुटी प्रिंट काढू या, शेठ.