खुर्चीची पाठ

भुसावळला प्रॅक्टिकल घ्यायला गेलो की
मी हॉटेल डेन्मार्कमध्येच उतरतो.
रिक्षावाल्याला दाणामार्केट सांगावं लागतं,
तसाच उच्चार पडलाय, आणि तो बरोबर पोचवतो.

तीन मजले. बासष्ट साली बांधलेले.
जिन्याचा कठडा काकवीच्या धारेसारखा वळत उतरतो,
खिडक्या आडव्या, रुंद,
ज्या देशात ऊन मोजून मिळतं तिथल्या.
इथे मे महिन्यात त्यांना गोणपाट लावतात
आणि रुबाब तडवी दर तासाला त्यावर बादली मारतो.

काउंटरवरचे भंगाळे दरवेळी तीच गोष्ट सांगतात.
मी ऐकतो. लाइट यायला तेवढा वेळ लागतोच.

दूध भुकटीचं यंत्र बसवायला आलेला एक डॅनिश इंजिनिअर
स्टेशनजवळच्या खानावळीत मासिक विसरून गेला.
आत त्याच्या शहरातलं एक हॉटेल, उंच, काचेचं,
जिथे चमच्यापासून दाराच्या मुठीपर्यंत
सगळं एकाच माणसाने काढलेलं.
त्र्यंबकशेठ नेहेत्यांना त्यातलं अक्षर लागलं नाही.
त्यांनी मासिक दुमडून बंडीत घातलं
आणि दोधू मिस्तरीकडे गेले.
असं, म्हणाले.

दोधू मिस्तरी तेव्हा दमण्या बनवायचा.
त्याने खुर्चीचं पान उलटून पाहिलं :
मागे साबणाची जाहिरात.

‘पुढचं फोटोत हाये शेठ. मांगचं काय करू?’
‘मांगचं कोन पायते भो. तुह्या मनानं कर.’

खोली एकवीस.
एवढी एकच ठेवलीय जशीच्या तशी.
इतर खोल्यांत सनमायका, खोटं छत, प्लॅस्टिकची फुलं,
आणि बाकीच्या खुर्च्या कुठे गेल्या विचारलं
तर भंगाळे पंख्याकडे बघतात.

चोवीस वर्षं आयटीआयच्या पोरांचे सांधे तपासतोय मी.
बसण्याआधी वस्तू उलटी करायची खोड लागलीय.
(लग्नघरात मला कुणी पाट देत नाही.)

पुढून ती परकी.
हात बारीक, पाठ पानासारखी मुडपलेली,
जन्मात ओझं न उचललेली.

मागून दमणी.

साट्याला असतं तसं आरपार कुसू,
त्यात अंजनाची काळी पाचर.
खिळा नाही, स्क्रू नाही.
वर जितकं वजन तितका सांधा घट्ट,
हे नाल्या-ओघळींतून बैल पळवणाऱ्यांचं गणित
इथे एका बसून राहणाऱ्या माणसाखाली.
आणि बैठकीच्या पोटाला, पॉलिश चुकलेल्या जागी,
पेन्सिलीत : नं. ११, डावी.
शेजारी अंगठा उमटलाय.
तो पुसायचा राहिला की ठेवला,
कळत नाही.

रात्री पंख्याने गरम हवाच ढवळली.
यार्डात डब्यांना डबे भिडत होते.
मी तिच्यावर बसून उद्याचे तक्ते आखले :
मापं तीस, जोड तीस, फिनिश चाळीस.
फिनिश म्हणजे दिसतं ते.
जोडसुद्धा बाहेरूनच बघायचा, घड्याळ चालू असतं.
पाठीला रकाना नाही.
तो माझ्याही आधीच्या कुणीतरी ठेवला नव्हता,
मीही कधी मागितला नाही.

सकाळी रुबाब आला, एका हातात चहा, एकात मोबाइल.
मुंबईचा कुणी व्यापारी खुर्ची मागतोय म्हणाला,
अठरा हजार, आज फोटो हवेत.
त्याने गोणपाट सारलं, उजेड घेतला,
खांद्यावरच्या फडक्याने तिचे हात पुसले,
पुढून तीन काढले.
मग थांबला.

‘सर, जरा सरका ना. तुमचा पाय येतोय.’

मी सरकलो.