मालती टेकडीकरची सही

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत
मालती टेकडीकर नावाची कोणी बाई राहत नाही,
हे पोस्टमन लांजेवारला पहिल्या मनिऑर्डरीलाच कळलं होतं.
तरी तो सायकल भिंतीला टेकवायचा,
अठरा रुपये दोनदा मोजायचा
आणि म्हणायचा, "बाई घरी नाईत वाटते.
तुमीच करून टाका सही."

मी डोमाजी निखारे, एम्प्रेस मिलचा टाइमकीपर.
कोण किती मिनिटं उशिरा आला
ते लिहिण्याचा पगार घेत होतो.
बाकीचं जे लिहायचो ते परत यायचं.
सात कथा, सातही साभार.
आठवीची तर मी लावलेली टाचणीसुद्धा
कोणी काढली नव्हती.

एका रविवारी सीताबर्डीच्या टेकडीखाली बसून
मी मग एक बाई केली.
नाव घेतलं केसांच्या तेलाच्या बाटलीवरून,
आडनाव समोरच होतं, चढणीचं.
आमच्याकडे आडनावाला सहसा कर लागत नाही,
पुण्याला पाठवताना तो भरलेला बरा.
वय तिशी. बी.ए. झालेली.
नवरा रेल्वेत, कायम फिरतीवर,
मध्ये येऊ नये म्हणून.

अक्षर मात्र माझं मिलच्या वहीतलं,
उभं, हजेरी घेणारं.
म्हणून गिरजेला बसवलं.
ती चौथी शिकलेली, पण अक्षर गोल,
कणकेच्या गोळ्यांसारखं एका मापाचं.
रात्रपाळीला निघताना मी कच्चं ठेवायचो;
सकाळच्या भोंग्यानंतर घरी आलो
की पक्कं तयार असायचं,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर जुना धोटा.

नववी छापून आली. दहावीही.
एका दिवाळी अंकात तर चित्र होतं:
मालतीबाई खिडकीशी, पाठमोऱ्या,
चित्रकारानं स्वतःच्या पदरचा गजरा माळलेला.
त्या पानात मी डबा गुंडाळून मिलमध्ये नेला.
दाखवलं कोणालाच नाही.
उघडं मात्र ठेवलं.

मग काटोलहून पत्र आलं.
"ताई, तुमची मथुरा मीठ टाकताना जराशी थांबते,
आणि तुम्ही लिहिता,
दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता.
ते वाचून मी चूल विझवली
आणि भावाला पत्र लिहायला बसले."

मथुरा माझी.
मीठ?

नवतपा लागला होता.
पेटी उघडून मी कच्चे कागद काढले,
घामानं शाई बोटांना येत होती.
माझी मथुरा त्या जागी
दीड पान जीव देण्याचा विचार करत होती,
विशेषणांसकट.
मीठ नव्हतं कुठेच.
आधीच्या कथेतली विहीर नव्हती.
संपादकांनी ज्या शेवटाचं कौतुक कळवलं होतं
तो शेवट नव्हता.

गिरजा वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होती.
"हे तू केलंस?"
तिनं मागे वळून पाहिलं नाही.
"कागद संपत आला होता. तुमचं लांबट होतं.
जुळवून घेतलं."
तांब्या बादलीत बुडवला, भरेपर्यंत धरला.
"आन् ते मरायचं मले काई पटलं नाई.
इतका वेळ कुठं असते बाईले?"

दोन दिवस मी जेवलो नाही.
तिनं आग्रहही केला नाही.
तिसऱ्या रात्री कच्चं न लिहिताच
कोरे कागद ठेवून गेलो, मोजून बारा.
सकाळी अकरा भरलेले होते.
उरलेला एक धोट्याखाली,
माझ्यासाठी की उरला म्हणून,
विचारलं नाही.

लांजेवार आला तेव्हा पंचवीस रुपये झाले होते.
"बाई हायेत का घरी?"
सवयीनं मी खिशातून पेन काढलं.
गिरजा आतून आली, पिठाचे हात पदराला पुसत,
माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि टेकडीकर हे नाव
पायरी पायरी चढावं तसं लिहिलं.

लांजेवारनं पावती उन्हात धरली.
सहा वर्षं चाललेली सही माझी होती.
"हे जुळत नाई बाप्पा," तो म्हणाला,
आणि तिच्याकडे बघत
पैसे मोजले. दोनदा.