नमुना एकशे सात

रिवणहून पोती उतरली की
दुलबा वेळीप माझ्याआधी निकाल देतो.
चिमूट तळहातावर, अंगठ्याने एक घासणी:
काळं राहिलं तर मँगेनीज,
तांबूस ओढ उमटली तर लोखंड.
या वेळी काहीच बोलला नाही.
अंगठा पँटला पुसून चहाला गेला.
पँटवर तांबडं.

मी मात्र रीतीने चाललो.
ढिगाचा शंकू केला, दाबला, चार भाग पाडले,
समोरासमोरचे दोन ठेवले, दोन लोटून दिले,
पुन्हा शंकू, पुन्हा चार,
ट्रकभर डोंगर
पाकिटात मावेपर्यंत.

कुडचड्याच्या या खोलीत वीस वर्षं झाली,
तरी एक गोष्ट अजून चमत्कारिक वाटते:
मँगेनीज मोजायला परमँगनेट लागतं.
त्याच्याच कुळीतला साक्षीदार.
ब्युरेटमधून उतरतो, पडतो, विरतो,
पडतो, विरतो,
आणि एका थेंबाला
आगळ घातलेल्या पाण्यासारखा
रंग जायचं नाकारतो.
तिथे थांबायचं.
एकतीस पूर्णांक चार.

लोखंड बावीस.
फॉस्फरसचा साका बीकरच्या तळाशी पिवळा,
ओल्या हळदीसारखा, अगदी घरगुती.

साडेअकराला सुर्लकरांचा फोन.
"एकतीस? अडतीस बसव रे.
भट्टीत गेल्यावर कोण मोजतंय?"

भट्टी मोजते.
हे मनात. तोंडाने म्हटलं, बघतो.

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
एक करडा तुकडा आहे, मुठीएवढा, भलता जड.
तीन वर्षांपूर्वी भट्टीवरच्या कायतानने आणून ठेवला.
"हो तुज्या अडतिसाचो," एवढंच बोलला.
सत्तरचा करार होता, साठही भरलं नव्हतं.
रात्रभर त्याने कोक घातला, वीज पाजली,
पण लोखंड आधी सुटतं,
बोलावलं नसताना पहिल्या पंगतीला बसतं,
आणि मँगेनीज अडून राहतं मळीत,
हिरवट, घट्ट, सळईला चिकटणाऱ्या मळीत.
फॉस्फरस तर कुठेच राहत नाही मागे.
मिश्रधातूत उतरतो, तिथून पोलादात,
तिथून कुठल्याशा रुळाच्या सांध्यात,
थंडीच्या पहाटेची वाट बघत.

तुकडा उचलला. खालचा कागद घेतला.
लिहिलं: एकतीस पूर्णांक चार.
आणि शेऱ्यात, कारण रिवणचा डोंगर
काही कुणाचा गुन्हेगार नाही:
उंच प्रतीच्या मालात मिसळून
सिलिको-मँगेनीजसाठी चालेल.
फॉस्फरस पाहून.

दुलबा चहा पिऊन आला.
वाचता येत नाही म्हणतो, पण आकडे येतात.
खांद्यावरून वाकून बघितलं,
"इतलो वेळ लागलो तुका?"
आणि रिकामी पोती झटकायला बाहेर गेला.

फोन पुन्हा वाजत होता.
मी हात धूत होतो.
काळं साबणाने गेलं,
तांबडं नखांत राहिलं.