चार दांड्या

सोमवारी आर्नी पॅस्को आला
पोस्टाचं दार मी उघडायच्या आत.
टोपी हातात, टोपीत फोन,
पंख मोडलेलं पाखरू आणावं तसा.
"मुका झालाय," म्हणाला.

चारही दांड्या भरलेल्या होत्या.
हवामान येत होतं, लोकरीचे भाव येत होते,
पर्थच्या नातीनं पाठवलेला केकसुद्धा आला,
आवाजानं तेवढी दांडी मारलेली.
नंबर लावला की क्षणभर विचारात पडायचा
आणि सांगायचा, कॉल संपला.
सुरू न होताच.

कॅरिक बोअरमध्ये फोन दुरुस्त करणारं कुणी नाही.
मी तिकिटं विकते, पार्सलं देते, कोंबड्यांचं खाद्य ठेवते,
आणि टॉवरवर काम निघालं तेव्हापासून
जो तो मलाच जाब विचारतो,
जणू रात्री शिडी लावून मीच
थ्रीजी उतरवून ठेवलंय मागच्या खोलीत.

विमान चालू केलं. विमान बंद केलं.
फोन बंद ठेवून शंभर आकडे मोजायचे ठरले;
आर्नीनं मोठ्यानं मोजले, सत्त्याहत्तरला ठसका लागला,
म्हणाला पुन्हा पहिल्यापासून,
मी म्हटलं, राहू दे.
माझ्या कानातल्याच्या टोकानं सिम काढलं,
फुंकर घातली.
फुंकरीनं काही होत नसतं, तरी घालतोच आपण.
नेटवर्क हातानं निवडलं.
सेटिंग्ज धुऊनपुसून कोऱ्या केल्या,
त्यात घरच्या वायफायचा पासवर्डही गेला.
"कुत्रीचं नाव," आर्नी म्हणाला,
"आणि ती गेली ते साल."

शेवटी माझ्या फोनवरून कंपनी.
पस्तीस मिनिटं तेच ते बासरीचं दळण,
मग एक मुलगा. त्यानं पंधरा आकडी क्रमांक मागितला.
मेंढीच्या कानातला बिल्ला वाचावा तसा
आर्नीनं एकेक आकडा वाचला, मान वाकडी करून.
हा फोन, मुलगा म्हणाला, बघतो चौथ्या पिढीवर,
पण बोलतो तिसरीवर,
आणि तिसरी आता राहिली नाही.
"आमच्या चर्चमध्ये आहेत असे पुष्कळ,"
आर्नी मला म्हणाला, मुलाला नाही.

नवीन फोन गुरुवारच्या ट्रकनं येईल, रस्ता सुका असला तर.
पण बेरिल आज दहाला वाट बघते.
बहीण त्याची, माउंट गॅम्बियरला. डोळे गेलेत,
मेसेज तिच्या काय कामाचा.
गेला सोमवार असाच चुकला.
"दोन चुकले तर ती काळे कपडे काढील,"
असं म्हणून हसला, पण नजर घड्याळावर.

मुलगा म्हणाला, जरा थांबा, वरिष्ठांना विचारतो,
आणि पुन्हा बासरी.
ठेवला असता तर परत बेचाळिसावा नंबर.
पोस्टाची तार तर मागच्याच वर्षी काढून नेली.

तेव्हा आम्हा दोघांना एकदमच दिसला,
म्हणजे खिडकीतून रोज दिसायचा तोच:
पोस्टाच्या भिंतीला टेकलेला सार्वजनिक फोन.
नाणंही लागत नाही आता, कधीतरी फुकट करून टाकलाय.
पोरं त्यावर च्युइंगम चिकटवतात.
रिसीव्हरमागे लाल पाठीची कोळीण बसली होती,
आर्नीनं टोपीनं तिला बाजूला केलं, मारलं नाही.
नंबर त्याला पाठ होता.
बटणं घट्ट झालेली, प्रत्येकावर
अंगठ्याचा पुरा भार घालत होता.

काचेतून ऐकू काही आलं नाही.
खांदे तेवढे खाली आले, कुणी ओझं उतरवून घ्यावं तसे,
मग एक हात उंच करून तो काहीतरी दाखवू लागला,
कुंपणाची उंची असेल, किंवा गहू,
तिला दिसणार नाही हे विसरून.

काउंटरवर त्याचा फोन पडलेला, चार दांड्या,
बेचाळीस अंश, कोरडे वारे.
तेवढ्यात बासरी थांबली.
"आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"
मी म्हटलं, हळू बोल बाळा,
इथं कॉल चालू आहे.